बाराशे दहा

"वाळूवरची पाणबुडी बघायला तिकीट कशाला काढायचं? पाण्यात असती तर गोष्ट वेगळी," नाना म्हणाले. वहिनीनं तोवर तिकिटं काढलीसुद्धा होती, म्हणून मग ते आले.

धाकट्या भावाची बदली विशाखापट्टणमला झाली आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि शहात्तर वर्षांचे नाना, त्याच्याकडे आठ दिवस राहायला गेलो. पहिले दोन दिवस सिंहाचलम आणि अरकू व्हॅलीत गेले. तिसरा दिवस रविवार. रामकृष्ण बीचवर, ज्याला सगळे आर. के. बीच म्हणतात, रस्त्याच्या कडेला एक काळी पाणबुडी काँक्रीटच्या बैठकीवर उभी आहे. आठ एसटी गाड्या एकामागोमाग लावाव्यात एवढी लांब, ९१ मीटर. नाव आयएनएस कुरसुरा. आजूबाजूला भाजलेली कणसं, फुगे, घोडे, ओल्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून फिरणारी माणसं. तिच्या सावलीत एक बाई गजरे विकत होती. आयुष्यभर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून बांधलेली वस्तू अशी बाजाराच्या मधोमध ठेवलेली पाहून मला जरा अवघडल्यासारखं झालं.

मराठीत तळ्यावरच्या टिबुकलीलाही काही ठिकाणी पाणबुडी म्हणतात. आमच्या गावच्या पाझर तलावावर त्या असायच्या. एवढीशी चिमुकली पाखरं, बघता बघता गडप व्हायची आणि भलतीकडेच वर यायची. कुठून वर येईल यावर आम्ही पोरं गोट्यांची पैज लावायचो. हा शब्द पुढे एवढ्या मोठ्या लोखंडी धुडाला कुणी चिकटवला ठाऊक नाही, पण ज्यानं चिकटवला त्यानं पाखरू नीट पाहिलं होतं.

कुरसुरा ही आपल्या नौदलाच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी चौथी. कलवरी, खांदेरी, करंज आणि ही. चौघी सोव्हिएत बनावटीच्या, फॉक्सट्रॉट जातीच्या. खांदेरी म्हणजे थळच्या समुद्रातलं आपलं खांदेरी बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथं तटबंदीला हात घातला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडवली. करंज म्हणजे उरणजवळचं. त्या बेटांच्या नावाची एखादी पाणबुडी इथं ठेवली असती तर कदाचित मी जास्त हक्कानं आत शिरले असते. कुरसुरा १८ डिसेंबर १९६९ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. तेव्हा सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे ती अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून भारतात आली. २७ फेब्रुवारी २००१ ला तिला निवृत्त केलं. मग समुद्रातून ओढून इथं आणून बसवायला १८ महिने आणि साडेपाच कोटी रुपये लागले आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांना खुली झाली. त्या मधल्या एकतीस वर्षांत ती ७३,५०० सागरी मैल फिरली.

हा आकडा दाराशीच ऐकायला मिळाला आणि नानांनी लगेच मनातल्या मनात भागाकार केला. त्यांना ती सवय आहे, दुधाच्या बिलापासून निवडणुकीच्या मतांपर्यंत. "दिवसाला साडेसहा मैल पडले," ते म्हणाले. "सागरी मैल म्हणजे किती?" मी मोबाइलवर बघून सांगितलं, एक पूर्णांक पंच्याऐंशी किलोमीटर. "मग बारा किलोमीटर. बैलगाडी जाते एवढी. उरलेला वेळ काय करत होती?"

मला हसू आलं. पण तो प्रश्न मग दिवसभर माझ्यासोबत राहिला.

एका टोकाकडून आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाकडून बाहेर पडायचं. आत जाताच उजेड पिवळट होतो आणि हवा बदलते. एवढी वर्षं झाली, रोज शेकडो माणसं आत-बाहेर करतात, तरी डिझेल, जुना रंग आणि तेलकट लोखंड यांचा वास काही गेलेला नाही. पहिलीच खोली पुढच्या टॉर्पेडोंची. समोरच्या भिंतीत सहा गोल झाकणं, पितळी चाकं, डायलांवर रशियन अक्षरं. मागच्या टोकाला अशी आणखी चार. एकूण दहा नळ्या, बावीस टॉर्पेडो. एकेका टॉर्पेडोची जाडी अर्ध्या मीटरहून जरा जास्त. आणि त्यांच्याच आजूबाजूला माणसांनी झोपायचं.

पंचाहत्तर माणसं राहायची इथं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला दार नाही, भोक आहे. लोखंडी भिंतीतलं गोल भोक, गुडघ्याच्या वर सुरू होतं आणि छातीशी संपतं. पाणी शिरलं तर तेवढाच कप्पा बंद करून बाकीची पाणबुडी वाचवायची, म्हणून ते तसं. पलीकडे कुणी राहिलं असेल तर त्याचं काय, हे माझ्या पुढच्या बाईनं विचारलं आणि गाइडनं उत्तर न देता पुढचं यंत्र दाखवलं.

गाइड नौदलातून निवृत्त झालेले होते. साठी ओलांडलेली, पांढरा कडक शर्ट, कमरेत किंचित वाकून चालायची सवय. बाहेर रस्त्यावरही ते तसेच चालत असतील असं मला वाटलं. त्यांचं हिंदी तेलुगू वळणाचं, नानांचं कऱ्हाडी वळणाचं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं दोघंही एकमेकांकडे नुसतं बघून मान हलवत होते. भोकातून जायची रीत त्यांनी शिकवली. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले तुम्ही. नानांच्या गुडघ्यांची मला धास्ती होती. "तुम्ही इथंच थांबा, मी बघून येते," म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरची कड धरून, एक पाय टाकून, अगदी सांगितल्यासारखे पलीकडे गेले. माझंच डोकं आपटलं.

दुसऱ्या कप्प्यात अधिकाऱ्यांच्या खोल्या. खोल्या म्हणजे रेल्वेच्या टू टायरमधला एक कोपरा, त्याला पडदा. गाइडनं पायाखालच्या फळीवर बूट आपटला आणि म्हणाले, "इसके नीचे बॅटरी."

नाना थांबले.

इथं थोडं मागं जायला हवं. नाना पस्तीस वर्षं बोर्डात होते. आमच्याकडे बोर्ड म्हटलं की वीज मंडळच. सातारा-सांगलीकडच्या दोन-तीन सबस्टेशनांवर ते ऑपरेटर होते. ऑपरेटरचं काम म्हणजे दर तासाला मीटरांची रीडिंग घ्यायची आणि लॉगशीटवर लिहायची, फोन आला तर फीडर चालू-बंद करायचा, आणि बाकी काही घडत नाही ना हे बघत बसायचं. तीन पाळ्या. आमच्या लहानपणी नाना म्हणजे दिवसा झोपलेला माणूस, ज्याच्यामुळे आम्हाला अंगणात खेळायला बंदी असायची. शाळेत "वडील काय करतात" विचारलं की मित्रांकडे सांगायला काहीतरी असायचं. एकाचे वडील ट्रक चालवायचे, एकाचे पैलवान होते. मी म्हणायचे, "माझे वडील लाइट बघतात."

सबस्टेशनच्या मागच्या बाजूला एक बॅटरी रूम असायची. मी एकदाच आत गेले होते. लाकडी मांडणीवर काचेच्या बरण्यांसारखे सेल ओळीनं ठेवलेले, आंबट झोंबणारा वास, वर सतत चालणारा पंखा, दारावर लाल अक्षरांत "विडी, काडी पेटवू नये". नानांच्या खाकी पँटीला मांडीवर बारीक भोकं असायची, ती तिथल्या अ‍ॅसिडची. आई ती रफू करून करून थकली आणि शेवटी तिनं नाद सोडला.

तर नाना थांबले आणि त्यांनी विचारलं, "कितना सेल?"

चारशेच्या वर, गाइड म्हणाले.

"हमारे में पचपन था." मग थोडं थांबून, "एकसो दस व्होल्ट."

गाइडनं पहिल्यांदा नीट वळून पाहिलं. "आप नेव्ही में थे?"

"नहीं. बोर्ड में."

त्या माणसाला बोर्ड म्हणजे काय ते कळलं नसणार. पण पंचावन्न सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, एकशे दहा, हे बरोबर कळलं. ते स्वतः इलेक्ट्रिकलचेच निघाले. पुढची पंधरा मिनिटं आमच्या मागची सगळी रांग, त्यात ओडिशाहून आलेली एक पूर्ण सहल, खोळंबून राहिली आणि दोन म्हातारे पाणबुडीच्या पोटात उभे राहून ग्रॅव्हिटीवर बोलत होते. अ‍ॅसिडची घनता. हायड्रोमीटर बुडवायचा, आतला तरंगता काटा कुठं थांबतो ते बघायचं. रोज सगळे सेल तपासणं होत नाही, म्हणून एकाला पायलट सेल ठरवायचं आणि त्याच्यावरून बाकीच्यांची तब्येत ओळखायची. "बाराशे दहा," नाना म्हणाले. एक पूर्णांक दोन एक शून्य असं कुणी म्हणत नाही. "बाराशे दहा दिसलं की झोप लागायची." गाइड हसले. आमचं त्याहून वर असायचं, म्हणाले, पण झोपेचं तसंच.

पाणबुडीत बॅटरी म्हणजे काय हे मला त्या गप्पांतून कळलं, बाहेरच्या फलकावरून नव्हे. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे ती वर असताना, किंवा पाण्याच्या जरा खाली राहून हवेची नळी बाहेर काढलेली असतानाच तीन डिझेल इंजिनं चालवायची आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. मग नळी आत, इंजिनं बंद, आणि खाली. तिथून पुढे सगळं बॅटरीवर. पाणबुडीला ढकलणारे तिन्ही पंखे फिरवणाऱ्या मोटारी, दिवे, स्वयंपाक, श्वास. जितकं सावकाश चालाल तितकी बॅटरी टिकेल. घाई केली तर काही तासांत रिकामी आणि मग वर यावंच लागेल, वर जो कोणी वाट बघत असेल त्याच्या समोर. म्हणजे पाणबुडीवरचं मुख्य काम घाई न करणं हे होतं.

आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. "आम्ही पंखा बंद पडला तर चार्जर आधी बंद करायचो," नाना म्हणाले. गाइडनी दाराकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेनं, हात केला. "गाझी," ते म्हणाले.

हे मला नंतर नीट वाचावं लागलं. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री, याच शहराच्या बंदराबाहेर पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. नव्वदहून अधिक माणसं होती, एकही वाचला नाही. ती आली होती विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजाच्या शोधात आणि विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती. आपलं म्हणणं, आयएनएस राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जनं, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनं, ती गेली. त्यांचं म्हणणं, आतल्याच किंवा स्वतः पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटानं. आणि एक तर्क असाही आहे की बॅटरी चार्ज करताना साठलेला हायड्रोजन पेटला. ती अजून तिथंच तळाशी आहे, किनाऱ्यापासून काही मैलांवर. कुरसुराच्या पाठीमागं जे पाणी दिसतं, ज्यात पोरं एकमेकांवर लाटा उडवतात, त्याच पाण्यात.

जाता जाता विक्रांतबद्दल एक सांगते, कारण ते माझ्या मनातून जात नाही. गाझी जिला शोधत होती ती विक्रांत निवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय म्हणून होती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नौदल सप्ताहात मी मैत्रिणींबरोबर तिच्यावर गेलेले आहे. भर उन्हात तापलेला डेक, त्यावर चप्पल चिकटत होती. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, मग विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीला दारुखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, तिला तोडायला घेतलं. शत्रूच्या पाणबुडीला जे जमलं नाही ते गॅस कटरनं केलं. तिच्या लोखंडातून पुढे मोटारसायकली निघाल्या. विमानवाहू जहाज पाण्यात टिकवणं आणि पाणबुडी वाळूवर बसवणं यांच्या खर्चात फरक आहे, हे मला कळतं. तरीही विशाखापट्टणमकडे बघून हेवा वाटला, आणि तो लपवावा असं काही मला वाटत नाही.

तिसऱ्या कप्प्यात कंट्रोल रूम. इथं सगळ्यांना फोटो काढायचे असतात. पेरिस्कोप, सुकाणू, खोलीचे डायल, छतापासून जमिनीपर्यंत नळ्याच नळ्या आणि लाल-निळी चाकं. नाना तिथं फार रमले नाहीत. मीही नाही. स्वयंपाकघर मात्र लक्षात राहिलं. आमच्या भावाच्या फ्लॅटमधल्या देवघराहून थोडं मोठं. पंचाहत्तर माणसांचं दोन वेळचं जेवण तिथून निघायचं आणि फोडणी घातली की ठसका अख्ख्या पाणबुडीला. अंघोळ नाहीच. गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. गाइड म्हणाले, घरी गेलो की बायको कपडे दाराबाहेरच काढायला लावायची. तो डिझेलचा वास दोन धुण्यांत जात नाही.

नानांनी मग दारावरचा तो प्रश्न विचारला. लढाईत हिनं काय केलं?

गाइडनी सरळ सांगितलं. १९७१ मध्ये ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. समोरचं जहाज कुणाचं आहे हे पक्कं ओळखल्याशिवाय हल्ला करायचा नाही, असा हुकूम होता. तिनं काही बुडवलं नाही.

म्हणजे त्या बावीसपैकी एकही टॉर्पेडो शत्रूवर सुटला नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. हे ऐकून रांगेतल्या एका तरुणाचा चेहरा पडला, त्यानं मोबाइल खिशात घातला. मला त्याचा राग आला नाही. आपण संग्रहालयात पराक्रम बघायला जातो. कराचीच्या संग्रहालयात हंगोर नावाची पाणबुडी ठेवलेली आहे. तिनं ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत, तिच्याबरोबरच गेले. तिथंही रविवारी पोरं अशीच भोकातून वाकून जात असतील, डोकी आपटत असतील आणि तिथल्या गाइडकडे सांगायला ती एक रात्र असेल. इथल्या गाइडकडे ग्रॅव्हिटी आहे.

कुरसुराचं पुढचं आयुष्यही काही झगमगीत नाही. सत्तरच्या दशकात सुट्या भागांची टंचाई झाली तेव्हा हिला बाजूला उभी करून हिचे भाग काढून बाकीच्या पाणबुड्यांना बसवले. मग दुरुस्ती होऊन ती पुन्हा कामाला लागली. एकत्र कुटुंबातल्या एखाद्या काकूसारखं, जिचे दागिने प्रत्येक लग्नात मोडले जातात आणि जी शेवटपर्यंत सगळ्यांना वाढत असते.

पाचव्या कप्प्यात इंजिनं, सहाव्यात मोटारी, सातव्यात मागचे टॉर्पेडो आणि पुन्हा झोपायच्या फळ्या. सहाव्या कप्प्यात नाना एका जुन्या स्विचबोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुला आठवतं, एकदा चार दिवस पाऊस होता, आणि मी घरी आलो नव्हतो?"

आठवत होतं. मी सहावीत असेन. नदीला पूर आला होता, रस्ता बंद, नानांचा बदली माणूस पोचू शकला नाही. चार दिवस ते सबस्टेशनवर एकटे होते. आई देवापाशी बसून होती. परत आले तेव्हा दाढी वाढलेली, आणि आम्ही विचारलं, काय झालं तिथं? ते म्हणाले, "काही नाही." आम्हाला वाटलं ते सांगत नाहीत.

"लाइन गेली होती," ते आता म्हणाले. "बाहेरून काहीच येत नव्हतं. चार्जरला सप्लाय नाही. नुसती बॅटरी. ती संपली असती तर पुढं काही झालं तरी ब्रेकर पडून लाइन तुटली नसती. एकएक दिवा बंद केला. कंदील लावून बसलो. आणि दर तासाला ग्रॅव्हिटी बघायची. उतरते, उतरते. अकराशे सत्तरवर आली तेव्हा लाइन आली."

"मग?"

"मग काय. लिहिलं."

गाइड शेजारीच होते. त्यांना मराठी किती कळलं कोण जाणे. आकडा कळला असावा, कारण त्यांनी तोंडानं 'च्च' केलं, जसं आपण कुणी थोडक्यात वाचल्याचं ऐकून करतो.

बाहेर आलो तर डोळे दिपले. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे विमान उभं आहे, तेही आता संग्रहालय. प्रचंड, चार इंजिनांचं. ते एकोणतीस वर्षं नौदलात होतं आणि त्याचं मुख्य काम समुद्रावरून उडत पाणबुड्या हुडकणं. भावानं विचारलं, तेही बघायचं का? नाना कमरेवर हात ठेवून दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होते. "हे हिला शोधणार," म्हणाले, "आणि आता तिकिटं शेजारी शेजारी." आत जायला त्यांनी नकार दिला. गुडघे बोलायला लागले होते. आम्ही कठड्यावर बसून मुरी मिक्श्चर खाल्लं. चुरमुरे, कांदा, टोमॅटो, लिंबू, आपल्या भेळेची चुलत बहीण, फक्त चिंच नाही. नानांना तिखट लागलं, तरी कागद चाटून पुसून संपवला.

गाइडचं नाव विचारायचं राहिलं. त्यांनीही नानांचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर नाना घरात नव्हते. काठी नव्हती, चपला नव्हत्या. फोन टेबलावरच. भाऊ गाडी काढायला लागला, पण मला अंदाज होता. रिक्षा करून बीचवर गेले. सोमवार, संग्रहालय बंद. रस्ता धुतलेला, घोडेवाले आलेले नव्हते, चालायला आलेली चार माणसं. नाना पाणबुडीच्या मागच्या टोकाकडे, तिचे तीन पंखे दिसतात त्या बाजूला, कठड्यावर बसले होते. खाली सावलीत एक कुत्रं झोपलेलं.

"नाना, आज बंद असतं."

"माहीत आहे. काल गर्दी होती."

मी शेजारी बसले. आतून काहीच आवाज येत नव्हता, येणार तरी कुठून. समुद्रावर लांब दोन-तीन जहाजं बंदरात शिरायची वाट बघत उभी होती. नाना त्यांच्याकडेही बघत नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी शर्टाची बाही मागं सारून घड्याळ पाहिलं.

"सात वाजले," म्हणाले, आणि काठी टेकून उठले.